बावीसच्या आधीचं शून्य

माझ्या हातचे आकडे फार देखणे होते. हे माझं मीच सांगते आहे, कारण ते आकडे पाहिलेलं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. नात म्हणते, आजी, तू स्वतःची फार तारीफ करतेस. तिला म्हटलं, थांब जरा, पुढचं ऐक, मग ठरव.

ऐंशी सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. बेळगावात एका जुन्या दवाखान्याच्या माडीवर आमचं संगणक केंद्र होतं. साहेब धरून आम्ही पाच माणसं. यंत्राची खोली थंड ठेवायची, धूळ आत न्यायची नाही, म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. निपाणीतून शिकून आलेली मी त्या दारात इतक्या भक्तिभावाने चपला काढायची, की एकदा हात जोडायचेच बाकी राहिले होते.

माझं काम काय, ते सांगते. प्रोग्रॅममधल्या काही गोष्टी यंत्र स्वतः हिशेब करून काढतं. काही मात्र त्याला आधीच लिहून द्याव्या लागतात. अमुक जागेचा क्रमांक, अमुक गावाचं नाव, अमुक वार. अशी ठरलेली मूल्यं एका कागदावर माझ्याकडे येत, आणि मी ती तीन भाषांत उतरवायची: कोबोल, बेसिक आणि सी. मूल्य एकच, पण प्रत्येकीच्या दारात शिरायची रीत वेगळी. कोबोलला आधी सांगावं लागे की आकडा किती घरांचा, मग तो आकडा, आणि शेवटी टिंब. टिंब राहिलं तर पुढच्या तीस ओळी रुसून बसायच्या. बेसिक गरीब बिचारी, स्वल्पविराम देऊन ओळीत मांडलं की खूश. सी नवीन आलेली, तिला महिरपी कंस लागत, नावांना दुहेरी अवतरणं लागत, आणि बोलायची अगदी कमी. आमच्या भागात हे शिकायला फार जड नव्हतं. घरी मराठी, कचेरीत कन्नड, दाखल्यावर इंग्रजी. आमचं आडनावसुद्धा तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं आणि आम्ही तिन्हींना ओ देत होतो.

हे सगळं मी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने लिहायची. एका चौकटीत एक अक्षर. रविवारी निपाणीला जाताना त्या कागदांची गुंडाळी मुद्दाम पिशवीबाहेर दिसेल अशी धरायची, म्हणजे बसमध्ये कुणीतरी विचारावं आणि बाईसाहेबांनी, म्हणजे मी, सांगावं. वर्षभरात एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं. "बेळगावात पोलक्याचं माप कागदावर काढत्यात व्हय गं?" मी त्याला संकेश्वरपर्यंत संगणक समजावून सांगितला. उतरताना तो म्हणाला, "म्हंजे शिलाईचंच की."

निपाणीत माझी आक्का होती. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई मी तीन वर्षांची असताना गेली, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून कॉलेजात धाडण्यापर्यंत सगळं आक्काने केलं. तिने लग्न केलं नाही. का केलं नाहीस म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुला कुटं ठिवायचं हुतं मग?" दिवसभर ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची आणि घरी येऊन बिड्या वळायची. मी शाळेतून आले की तिच्याशेजारी बसून पानं कातरायची. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा होता. तो पानावर ठेवायचा आणि कात्री त्याच्या कडेकडेने फिरवायची. पान मापाचं झालं नाही तर बिडी वाकडी होते, आणि वाकडी बिडी तपासणारा बाजूला फेकून देतो. "मापात बसंल तेच टिकतंय," असं आक्का म्हणायची. माझं एक पान जरी तिरकं गेलं तरी ती न बोलता ते उचलून परत माझ्यापुढे ठेवायची.

तो पत्रा माझ्या डोक्यात कायमचा बसला. चौकटीच्या कागदावर एक ते चोवीस असे आकडे लिहायचे असतील, तर मला एक, दोन, तीन असे आखूड आकडे बघवायचे नाहीत. उजवीकडे दाट, डावीकडे मोकळं, हे वाकडं पान झालं. मग मी प्रत्येक आकड्याला तीन घरं द्यायची आणि रिकाम्या घरांत शून्यं भरायची. ००१, ००२, ०१०, ०२२. कोबोलला ते चालायचंच, उलट आवडायचं. बेसिक पुढची शून्यं गिळून टाकायची. साहेब माझे कागद नवीन आलेल्या पोरींना दाखवायचे. "हे बघा, याला म्हणतात काम." त्या वेळी बाईसाहेब खिडकीबाहेर बघत असल्यासारखं करायच्या आणि कान मात्र इकडे.

त्या वर्षी एका संस्थेचं काम आमच्याकडे आलं. निपाणीतल्या वखारींत काम करणाऱ्या बायकांची छाती तपासायची होती. एक्स-रेचं यंत्र बसवलेली गाडी येणार होती आणि मोजके दिवस थांबणार होती. सगळ्या बायका तपासणं काही शक्य नव्हतं, म्हणून आधी प्रत्येकीचं कार्ड भरून घेतलं: किती वर्षं काम, खोकला किती दिवसांचा, कफात रक्त पडतं का, वजन उतरलं का. त्यातून जिला बोलवायचं तिचं नाव आणि वार छापून यायचा. चोवीस वखारींना संस्थेने एक ते चोवीस असे क्रमांक दिले होते. आणि एक गोष्ट पक्की होती. वखारीचा मुकादम यादीत नाव असलेल्या बाईलाच सुट्टी देणार होता, बाकीच्या कुणाला नाही.

आक्काची वखार बाविसावी. कोगनोळीच्या बाजूला, गावाबाहेर. तिचा खोकला तेव्हा आठ महिन्यांचा झाला होता. डॉक्टरकडे चल म्हटलं की ती म्हणायची, "खकाणा हाय गं तंबाखूचा, धुरळा. वखार सोडली की जाईल." वखार काही सुटत नव्हती. पण ही गाडी येणार म्हटल्यावर मात्र ती तयार झाली. "तुझ्या मशीननं नाव काडलं तर जाईन," म्हणाली. तिच्या दृष्टीने ते यंत्र माझंच होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही दृष्टीने.

कार्डांचे गठ्ठे बेळगावला आले तेव्हा मी तिचं कार्ड शोधून काढलं आणि गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवलं. जणू यंत्र वरचं कार्ड बघून ओळख दाखवणार होतं, या बसा, तुम्ही आमच्या बाईंच्या बहीण ना. हे आठवलं की आजही मला माझीच कीव येते. सायन्स शिकलेली मुलगी.

चोवीस वखारींचा तक्ता, क्रमांक आणि त्यापुढे तिचा वार, मी तिन्ही भाषांत लिहिला. कोबोलमधला बेंगळूरच्या मोठ्या यंत्रासाठी, तिथे त्यांचा वर्षाचा अहवाल व्हायचा. बेसिकमधला निपाणीच्या त्यांच्या कचेरीत नव्याने आलेल्या छोट्या यंत्रासाठी. पण त्या कचेरीतली वीज टिकेना, म्हणून ते यंत्र फुलाफुलांच्या कापडाखाली झाकून ठेवलं होतं. उरला सीमधला, तो आमच्या माडीवर चालायचा. बायकांना बोलवायची यादी त्यातूनच निघाली.

यादी काढण्याआधी तपासून बघायचं असतं. मी तपासलं. एक ते नऊ क्रमांकांच्या वखारी घातल्या, नऊच्या नऊ बरोबर आल्या, आणि मी फाइल मिटली. नऊ बरोबर म्हणजे चोवीस बरोबर. आणखी एक शहाणपण केलं होतं. कार्डावरचा क्रमांक तक्त्यात सापडला नाही तर काय करायचं, असा प्रश्न लिहिताना पडला होता. मी लिहिलं, पुढच्या कार्डाकडे जा. न सापडायला काय झालं, तक्ता माझ्या हातचा होता.

दोन्ही कडांना भोकं असलेल्या रुंद कागदावर यादी निघाली. नावांच्या क्रमाने होती, वखारी एकमेकींत मिसळलेल्या. मी आक्काचं नाव शोधलं. तीनदा शोधलं. नव्हतं. बाविसाव्या वखारीतलं एक तरी नाव दिसतंय का, एवढं बघायला मला अर्धा तास पुरला असता. मला ते सुचलं नाही. मला काय सुचलं, तर आनंद झाला.

रविवारी निपाणीला गेले. आक्का उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"आलं का गं नाव?"

"न्हाय आलं."

"नीट बघितलीस?"

"तीन डाव बघितलं. तुझं कार्ड तर मी सगळ्यांच्या वर ठिवलं हुतं."

"मग आता?"

"आता काय. मशीननं सगळं ताडून बघितलंय आक्का. तुझ्यापरीस लई आजारी बायका हायत, त्यांना बोलीवलंय. तुला काय न्हाय."

तिने सूप खाली ठेवलं. "मशीन चुकत न्हाय न्हवं?"

"माणूस चुकतंय. मशीन कशाला चुकंल?"

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

आक्काच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने चहा टाकला आणि शेजारणीला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "आमच्या पोरीच्या मशीननं पास केली गं मला." पुढे कुणीही खोकल्याचं काढलं की ती हेच सांगायची. मी दोनदा म्हटलं, तरी पण एकदा डॉक्टरला दाखवू. दोन्ही वेळा ती हसली. "तूच म्हणालतीस की." मग मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. तिचं म्हणणं मला पटलेलंच होतं.

गाडी आली, थांबली आणि गेली. वारांचा काहीतरी घोळ झाला, दहाव्या वखारीच्या बायका बाराव्या वखारीच्या दिवशी आल्या, रांगेत भांडणं झाली, असं कानावर आलं. मी म्हटलं, बायकांना कागद वाचता येत नाही.

पुढच्या सहा-सात महिन्यांत आक्काच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी दर रविवारी जात होते आणि दर रविवारी ती आदल्या रविवारपेक्षा थोडीच कमी असायची. थोडं थोडं कमी होणारं माणूस जवळच्याला दिसत नाही, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सोडवत आले. ते खरं नाही. बांगड्या मला दिसत होत्या.

मग बेंगळूरहून अहवाल आला. कोबोलच्या यंत्रातून निघालेला, जाडजूड, शेवटी तपासणीसाठी बोलावलेल्या बायकांची यादी. माझा तक्ता कसा उठून दिसतोय ते बघायला मी पानं चाळत होते. त्यात आक्काचं नाव होतं. वखार बावीस, तातडीने, मंगळवार.

मी आमची यादी कपाटातून काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. आमच्या यादीत बावीस नव्हती. एकवीस नव्हती. तेवीस, चोवीसही नव्हत्या. कार्डं तीच, तक्ता तोच, माझाच. मी सीच्या प्रोग्रॅमला तक्त्यातले आकडे नुसते छापायला लावले. नऊपर्यंत सगळं ठीक. दहाच्या जागी आठ छापलं. बावीसच्या जागी अठरा.

पुस्तकात एक ओळ होती, मी पूर्वी वाचून पुढे गेलेली. शून्याने सुरू होणारा आकडा सी दहाच्या पटीत धरत नाही, आठाच्या पटीत धरते; तेव्हाची सी ००८, ००९ मात्र न कुरकुरता आठ, नऊच धरायची. तिच्या लेखी ०२२ म्हणजे दोन आठ आणि वर दोन, अठरा; कार्डावरचं साधं २२ मात्र ती बावीसच वाचायची. माझ्या देखण्या शून्यांमुळे दहाव्यापासूनच्या सगळ्या वखारी मागे सरकल्या होत्या; मधल्यांना दुसऱ्यांचे वार मिळाले आणि शेवटच्या चार वखारी सापडल्याच नाहीत. न सापडलेल्यांचं काय करायचं, ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. शून्यं लिहिली नसती, वाकडंतिकडं २२ लिहिलं असतं, तर काहीच झालं नसतं. तीन यंत्रांपैकी दोन बरोबर होती. त्यातलं एक बेंगळूरला होतं आणि दुसरं फुलाफुलांच्या कापडाखाली.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही याद्या एकावर एक ठेवल्या.

"संस्थेनं काही विचारलं का?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला सांगताय?"

"चार वखारी आहेत, साहेब."

"गाडी गेली बाई. आता सांगून काय गाडी परत येणार आहे?"

मी गप्प बसले, हेही लिहून ठेवते. पण त्या दुपारी तक्त्यातली शून्यं खोडली आणि यादी पुन्हा काढली. शनिवारी रजा टाकून ती घेऊन निपाणीला संस्थेच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाला म्हटलं, या बायका राहिल्यात. त्याने पहिलं पान उलटं धरून बघितलं, मग सुलटं केलं.

"शिबिर मुगीतु, बाई. संपलं."

"पण यांना तपासायचं राहिलंय."

"अहवालात झालंय की," तो म्हणाला, आणि बेंगळूरच्या अहवालाची त्याच्याकडची प्रत माझ्यापुढे सरकवली. "हे बघा, बोलावण्यात आले. नावं हायत सगळी."

होती. सगळी होती.

अहवाल यायच्या आधीच्या आठवड्यात, बांगड्या बघवेनात म्हणून, मी आक्काला बेळगावला आणून एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी एक्स-रेची काळी काच खिडकीकडे धरली आणि जे बोलायचं ते माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. आधी आणायला हवं होतं, असं म्हणाले. आता ताकदीच्या गोळ्या लिहून देतो, असं म्हणाले. तिने बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणत हुता? मी म्हटलं, गोळ्या दिल्यात.

कचेरीतून मी तिच्याकडे गेले. ती ओसरीवर वाकळ टाकून पडली होती, उशाशी पानांची टोपली. वखार सुटली होती, बिड्या सुटल्या नव्हत्या. मी तिला सांगायला सुरुवात केली. यंत्र नाही चुकलं आक्का, मी चुकले. शून्य कसं, आठ कसं, ते तिला काय समजणार असं वाटत होतं. ती उठून बसली.

"लिहून दाव."

मी यादीच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं, ०२२. आकडे तिला वाचता येत.

"ह्ये शून्य कशापायी घातलीस?"

"रांग सरळ दिसावी म्हणून."

"सगळी मापात यावीत म्हणून."

"व्हय."

तिने टोपली जवळ ओढली. मग त्यातली कात्री घेतली. पातं बरोबर ठेवलं. तिने कागदाचा कोपरा कापून घेतला, मग त्यावरचं शून्य कापलं आणि फुंकर मारून उडवलं. उरलेलं बावीस माझ्या तळहातावर ठेवलं.

"मीच शिकीवलं की गं तुला ते," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आता बसतंय का?"

"बसतंय."

"नाव आलं?"

मी यादी उलगडून दाखवली. तिचं नाव तिला ओळखू येई. तिने त्यावर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं.

"कवा बोलीवलंय?"

त्या रकान्यात छापलं होतं ते मी वाचलं. "मंगळवार."

कुठला मंगळवार, हे तिने विचारलं नाही. सात महिन्यांपूर्वीचा, हे मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "डॉक्टरच्या गोळ्या घेतीस न्हवं?" ती म्हणाली, "डॉक्टर माणूस हाय. चुकंल." आणि यादी घडी करून उशीखाली ठेवली.

मंगळवारी मी बेळगावात माझ्या टेबलापाशी होते. शेजारणीने पुढल्या रविवारी सांगितलं. आक्का सकाळीच उठली, केस विंचरून घेतले, धुतलेलं लुगडं नेसली आणि कागद हातात घेऊन ओसरीच्या कडेला बसली. शेजारीण म्हणाली, आत चल, ऊन आलंय. तर म्हणाली, गाडी लांबून यायची हाय, वेळ लागंल. दुपारनंतर शेजारणीनेच तिला धरून आत नेलं. त्यानंतर ती ओसरीवर आली नाही.

ती गेली तेव्हा पावसाळा सरत आला होता. उशीखाली यादी होती. त्या यादीतल्या बाकीच्या बायकांचं काय झालं, ते मी विचारायला गेले नाही. चार वखारी, सगळ्या कोगनोळीच्या बाजूला, पुढे कोल्हापूरला जाताना बसमधून दिसायच्या. मी पलीकडच्या खिडकीशी बसायची.

नात आता हेच काम करते, पुण्यात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, आजी, आता असं लिहिलं तर यंत्र लगेच ओरडतं. बरं झालं म्हटलं. मग ती म्हणाली, तुझे ते जुने कागद असतील तर दाखव ना, तुझं अक्षर म्हणे फार सुंदर होतं. कोण म्हणालं, असं मी विचारलं नाही. कोण म्हणणार, मीच सांगितलं असेल.

कागद नाहीत. पत्र्याचा तुकडा आहे, गंजलाय. आणि एका डबीत ते बावीस. पेन्सिलीचं आहे, पुसट झालंय. डाव्या कडेला कात्री जराशी तिरकी गेली आहे. आक्काच्या हातून चुकलेलं मी पाहिलेलं ते एकच माप.